ऑनलाइन एमबीए: आधी विषयांची यादी, मग स्पेशलायझेशनचं नाव

'दादा, ऑनलाइन एमबीए करायचंय. अ‍ॅनालिटिक्स घेऊ की फायनान्स?' नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी सुटल्यावर टपरीवर चहा घेताना कोणी ना कोणी हे विचारतंच. मी उलट विचारतो, 'पहिल्या सत्रात कोणते विषय आहेत, वाचलेस का?' बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. पोराने फी पाहिलेली असते, हप्ता किती बसतो ते पाहिलेलं असतं आणि समुपदेशक म्हणवणाऱ्या माणसाचे दहा फोन घेतलेले असतात. दोन वर्षं जे शिकायचं त्याची यादी मात्र उघडलेली नसते.

मीही उघडली नव्हती. बी.कॉम. झाल्यावर एका सुट्या भागांच्या कारखान्यात खरेदी विभागात होतो, तिथूनच नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए केलं. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती पुढे येईल. खाली लिहिलंय ते नाशिकमध्ये राहून, नोकरी न सोडता हा अभ्यास करू बघणाऱ्या नवख्यासाठी आहे, आणि ज्या क्रमाने करावं त्याच क्रमाने लिहिलंय.

पहिली पायरी: ती पदवी आहे का, ते स्वतः तपासा

बाजारात एमबीएसारखी दिसणारी बरीच कागदपत्रं मिळतात. 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम', 'मिनी एमबीए', 'पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' यांतून शिकायला मिळतं, पण ती पदव्युत्तर पदवी नव्हे. एमबीए ही पदवी विद्यापीठ किंवा आयआयएमसारखी कायद्याने तो अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते आणि विद्यापीठाने ती ऑनलाइन द्यायची तर त्याला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, मान्यता लागते. ही मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या सत्रासाठी, ते वेगवेगळं असतं. म्हणून डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन विद्यापीठाचं नाव, 'ऑनलाइन' हा प्रकार, एमबीए आणि तुमचं प्रवेशाचं सत्र, चारही गोष्टी जुळतात का ते बघा. फोनवरच्या माणसाने पाठवलेल्या चित्रावर विसंबू नका.

प्रवेशासाठी २०२४ पासून डीईबी आयडी लागतो. आधी डिजिलॉकरमधून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे अभ्यासाची क्रेडिट जिथे जमा होतात ते, खातं उघडायचं, मग त्या क्रमांकावर डीईबी आयडी काढायचा. हे तुम्ही स्वतःच करा, अर्ध्या तासाचं काम आहे. 'आम्ही काढून देतो, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. विद्यापीठाच्या नावाने फ्रँचायझी चालवायला यूजीसीची परवानगी नाही. त्यामुळे कॉलेज रोडवर पहिल्या मजल्यावर 'अधिकृत केंद्र' अशी पाटी दिसली तरी फी विद्यापीठाच्या खात्यातच भरा.

'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' यांत लोक गल्लत करतात. आपल्या गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरस्थ शिक्षण देतंय. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आपल्या ओळखीचं आहे. दूरस्थमध्ये छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि केंद्रावरची परीक्षा असा मामला असतो. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा या चारही गोष्टी इंटरनेटवर चालतात. दोन्हींची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे घरात नेट धड चालत नसेल किंवा पडद्यावर वाचून डोकं दुखत असेल, तर दूरस्थ घ्यायला संकोच करू नका. सिन्नर किंवा पेठ भागातल्या काहींना मी स्वतः तेच सुचवलंय.

दुसरी पायरी: विषयांची यादी आणि क्रेडिट

संकेतस्थळावरचं चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा. तुम्हाला हवा तो 'प्रोग्राम प्रोजेक्ट रिपोर्ट' किंवा सविस्तर अभ्यासक्रम, ज्यात प्रत्येक विषयाखाली प्रकरणं, क्रेडिट आणि पुस्तकांची नावं असतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाला हा दस्तऐवज करावाच लागतो. मागितल्यावर कोणी टाळाटाळ केली तर त्यातूनही तुम्हाला काय ते समजेल.

आता क्रेडिट. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, असा हिशेब धरतात. समजा तुमचं एमबीए १०० क्रेडिटचं आहे. म्हणजे ३,००० तास. दोन वर्षांचे १०४ आठवडे धरले तर आठवड्याला २९ तास, रोजचे चार तासांहून जास्त. नोकरी करून एवढा वेळ कोणी देत नाही, मीही दिला नाही. पण आठवड्याला बारा ते पंधरा तास तरी निघणार नसतील, तर दोन वर्षांत उरकायचा हट्ट सोडा. बहुतेक विद्यापीठं पदवी पूर्ण करायला जास्तीचा काळ देतात. तो किती आणि त्याला वेगळी फी किती, हे आधीच विचारून ठेवा.

यादी वाचताना ती शिळी आहे का, हे कसं ओळखायचं? मी दोन ठिकाणी बोट ठेवतो. मनुष्यबळाच्या कायद्यांचा विषय उघडा. देशातले २९ कामगार कायदे चार संहितांमध्ये एकत्र केले गेले आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. तिथे अजून फक्त १९४८ चा कारखाने कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असेल, तर साहित्य जुनं आहे. दुसरं बोट करांच्या विषयावर. जीएसटीचे दर सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे गेले. शिकवणारे ते टप्पे आजचे म्हणून सांगत असतील, तर बाकीच्या प्रकरणांवरही धूळ असणार.

तिसरी पायरी: पहिलं वर्ष कोणालाच चुकत नाही

स्पेशलायझेशन कोणतंही घ्या, पहिलं वर्ष जवळपास सगळ्यांना सारखंच असतं. व्यवस्थापनाची तत्त्वं, संघटनात्मक वर्तन, लेखाशास्त्र, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यावसायिक संवाद, मग मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ, उत्पादन आणि संशोधन पद्धती. विद्यापीठ बदललं की नावं थोडी बदलतात, सांगाडा तोच राहतो. 'मला एचआर करायचंय, अकाउंट्स नको' म्हणणाऱ्याची गाडी इथेच अडते.

अभियांत्रिकी किंवा बी.एस्सी. करून आलेल्यांना लेखाशास्त्र नवं असतं. डेबिट-क्रेडिट पाठ करत बसू नका. आधी ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचायला शिका. त्यासाठी तुमच्या कामाच्या जागेपासून सुरुवात करा. समजा अंबडमधल्या एका जॉबवर्कच्या शेडचा भाडं, पगार आणि मशीनचा हप्ता मिळून महिन्याचा ठरलेला खर्च १,२०,००० रुपये आहे. एका नगाचे ४० रुपये मिळतात आणि त्यावर हत्यारं, वीज, वाहतूक असा २५ रुपये खर्च होतो. म्हणजे नगामागे १५ रुपये उरतात. १,२०,००० भागिले १५, म्हणजे ८,००० नगांपर्यंत मालक स्वतःच्या खिशातून शेड चालवतोय. आता मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाने दर ४० वरून ३७ वर आणला. नगामागे उरले १२ रुपये, तेव्हा आता १०,००० नग काढावे लागतील. दर साडेसात टक्क्यांनी उतरला आणि काम पंचवीस टक्क्यांनी वाढलं. पुस्तकात याला 'ब्रेक-इव्हन' म्हणतात. मी खरेदी विभागात बसून वर्षानुवर्षं असे तीन-तीन रुपये कापत होतो, आणि समोरचा माणूस गप्प का होतो ते हे प्रकरण वाचल्यावर मला कळलं.

अर्थशास्त्राला तर आपल्या जिल्ह्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ते समजत नाही? लासलगावकडे बघा. कांदा वीसचा चाळीस झाला तरी घरात येतोच, थोडा कमी येतो इतकंच. म्हणून आवक जराशी घटली तरी भाव उसळतो आणि जराशी वाढली तर कोसळतो. सरकारी धोरणाचा परिणाम बघायचा असेल तर अलीकडचा काळ घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. प्रत्येक तारखेच्या आधीचे आणि नंतरचे बाजारभाव शेजारी मांडा. असाइनमेंट जवळजवळ तयार होते, आणि निफाड-चांदवडकडची मुलं ती पुस्तक न उघडता लिहितील.

संख्याशास्त्राची भीती सगळ्यांनाच वाटते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, रिग्रेशन, गृहीतकाची चाचणी, एवढाच साधारण आवाका असतो. अ‍ॅगमार्कनेटवर (शेतमालाच्या बाजारभावांचं सरकारी संकेतस्थळ) रोजची आवक आणि भाव फुकट मिळतात. ते एक्सेलमध्ये उतरवून दोन आलेख काढलेत की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी परीक्षेपर्यंत राहते, त्याला इलाज नाही.

व्यवस्थापनाची तत्त्वं आणि संघटनात्मक वर्तन हे वाचून होणारे विषय आहेत. उत्तरं लिहिण्याचा सराव तेवढा ठेवा.

फी भरण्याआधी सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर लेखाशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम करून बघा. बंगळूरच्या आयआयएमचेही काही तिथे असतात आणि शिकायला पैसे पडत नाहीत. चार आठवडे टिकलात तर पुढचं जमेल. दुसऱ्याच आठवड्यात सुटलं, तर तुमची फी वाचली.

चौथी पायरी: स्पेशलायझेशन

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी मी 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' निवडलं, कारण नोकरीच्या जाहिरातींत तो शब्द सगळीकडे दिसत होता. सत्र सुरू झाल्यावर विषय उघडले. पाचांपैकी एक व्यवस्थापन माहिती प्रणाली, एक ई-कॉमर्स. दोन्ही जुन्या आयटी स्पेशलायझेशनचे, नुसती वरची पाटी बदललेली. हाताने काहीतरी करायला लावणारा विषय एकच होता आणि त्यातही निम्मे व्हिडिओ सॉफ्टवेअर कसं उतरवायचं याचे. नाव मोठं आणि लक्षण खोटं. बदलाची मुदत संपायला चार दिवस होते. अर्ज केला, थोडं शुल्क भरलं आणि ऑपरेशन्सला गेलो. ती मुदत असते हेसुद्धा मला योगायोगानेच कळलं. तुम्ही ती आधी विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: नाव झाकून फक्त विषय वाचायचे. ज्या विषयांतले किमान दोन पुढच्या सहा महिन्यांत कामावर वापरता येतील, ते स्पेशलायझेशन आपलं. ज्याला नोकरीच बदलायची आहे त्याने 'कामावर' या शब्दाच्या जागी ज्या जागेसाठी अर्ज करणार तिचं वर्णन ठेवावं.

ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळी: सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी याहून जवळचं दुसरं नाही. ५एस (जागेची शिस्त), कायझेन (रोजची छोटी सुधारणा) यांचे फलक तुम्ही रोज बघता, इथे त्यांच्यामागचा विचार समजतो. एका वेळी किती माल मागवायचा ते सांगणारं साठ्याचं सूत्र घ्या. वर्षाला १२,००० नग लागतात, एक ऑर्डर काढायचा खर्च ५०० रुपये, एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च १२ रुपये. दोन गुणिले १२,००० गुणिले ५००, भागिले १२, त्याचं वर्गमूळ १,०००. म्हणजे एका वेळी हजार नग, वर्षाला बारा ऑर्डरी. प्रत्यक्षात पुरवठादार म्हणतो, 'पूर्ण गाडी भरल्याशिवाय पाठवणार नाही.' मग सूत्र चुकलं का? नाही. गाडी भरून घेतल्याने आपल्याला किती जास्त पडतात, तो आकडा आता तुमच्याकडे आहे आणि दराच्या बोलणीत तो टेबलावर ठेवता येतो. याच स्पेशलायझेशनमध्ये रांगेचं गणित येतं. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसं किती वेगाने येणार आणि किती वेगाने बाहेर पडणार, याहून जिवंत उदाहरण कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही.

फायनान्स: बँकेत, पतसंस्थेत किंवा सीएच्या कार्यालयात असाल तर घ्या. शेअर बाजारात हात मारायचा म्हणून घेत असाल तर निराश व्हाल. इथे भांडवलाचा खर्च, खेळतं भांडवल, प्रकल्पाचं मूल्यमापन आणि जोखीम शिकवतात. पैशाचं कालमूल्य, म्हणजे आजच्या आणि उद्याच्या रुपयाची किंमत सारखी नसते, हे एकच प्रकरण नीट समजलं तरी फी वसूल. नमुना म्हणून तुमच्याच फीचा हप्ता घ्या. कोणी म्हणालं, एक लाखाचं कर्ज, दोन वर्षं, व्याज फक्त १० टक्के फ्लॅट. म्हणजे २०,००० व्याज, महिना ५,००० रुपये. ऐकायला सोपं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जात असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलंय. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो. एक्सेलमध्ये 'रेट' हे सूत्र वापरून पडताळा. आणि 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जिथे सही करता, तो बहुतेकदा एखाद्या वित्तसंस्थेशी झालेला तुमच्या नावचा कर्जाचा करार असतो. प्रवेश रद्द केला म्हणून तो आपोआप रद्द होत नाही.

मार्केटिंग: बोलघेवड्यांचा विषय हा गैरसमज आहे. ग्राहक कोण, तो का घेतो आणि किती दराला घेतो, हे आकड्यांवरून शोधणं हा याचा गाभा. डिजिटल मार्केटिंगचे विषय लवकर जुने होतात, तेव्हा त्यांच्या जोरावर निवड करू नका. ग्राहक वर्तन, बाजार संशोधन आणि विक्री-वितरण व्यवस्थापन हे तीन यादीत असले की पाया बरा आहे. गंगापूर रोडच्या पलीकडे द्राक्षबागा दाखवून वाइन विकणारे आणि येवल्यात हातमागावरची पैठणी यंत्रमागाच्या साडीशेजारी विकायला बसलेले, या दोघांचे प्रश्न एकदा शेजारी ठेवून बघा. एकाला अनुभव विकायचाय आणि दुसऱ्याला खरेपणा पटवून द्यायचाय.

मनुष्यबळ: कारखान्यात टाइम ऑफिसला किंवा वेतन विभागात असाल तर सरळ घ्या. कामगार संहितांमुळे या विषयातले जाणकार सध्या हवेच आहेत. 'माणसांत मिसळायला आवडतं' एवढ्या कारणावर मात्र घेऊ नका. यात नियम, नोंदी आणि वाटाघाटी जास्त आहेत.

आंतरराष्ट्रीय व्यापार आणि कृषिव्यवसाय: ही दोन्ही सगळीकडे नसतात, पण दिंडोरी-निफाड-पिंपळगावकडच्या मुलांनी मुद्दाम शोधावीत. द्राक्षाचा कंटेनर पॅकहाऊसमधून न्हावा शेवाला जातो तेव्हा एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा) आणि सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमाही विकणाऱ्याचा) यांतला फरक, लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, युरोपच्या कीडनाशक अंशाच्या मर्यादा हे सगळं कागदावर येतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास लांबला आणि भाडं वाढलं. सीआयएफवर माल विकलेल्याला ते भाडं सोसावं लागलं, एफओबीवर विकलेल्याच्या खिशाला थेट चाट बसली नाही. घरची बाग असेल तर हे आई-वडिलांबरोबर बसून वाचा, अर्धं तेच तुम्हाला समजावतील. कृषिव्यवसायात शेतकरी उत्पादक कंपनी हा भाग नीट शिकवतात का ते बघा. मोहाडीची सह्याद्री फार्म्स आपल्या शेजारी आहे, नमुना शोधायला लांब जायला नको.

अ‍ॅनालिटिक्स वाईट असं मी म्हणत नाही. घ्यायचंच असेल तर यादीत एसक्यूएल, पायथन किंवा आर या माहिती हाताळायच्या संगणकी भाषा, आलेख-अहवाल काढायला पॉवर बीआयसारखं एखादं साधन आणि रिग्रेशनच्या पुढचं संख्याशास्त्र आहे का ते बघा. गुण कशावर मिळतात तेही विचारा, हाताने केलेल्या कामावर की बहुपर्यायी प्रश्नांवर. उत्तर 'बहुपर्यायी' आलं तर सोडून द्या.

दुहेरी स्पेशलायझेशनची भुरळ हल्ली फार पडते. दोन नावं मिळतात, पण बहुधा प्रत्येकाचे विषय निम्मे होतात. फायनान्स आणि अ‍ॅनालिटिक्स किंवा ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळी अशी एकमेकांना धरून असलेली जोडी असेल तर चालेल. मार्केटिंग आणि एचआर एकत्र घेऊन दोन्हीकडे अर्धवट राहिलेले मी पाहिलेत.

पाचवी पायरी: आठवडा आणि परीक्षा

थेट तासिका बहुधा शनिवार-रविवारी असतात. आपल्याकडे सगळ्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, शिवाय पाळ्या फिरतात. म्हणून प्रवेशाआधी विचारा, तासिकेचं ध्वनिचित्रण किती दिवस राहतं आणि ते बघितल्यावर सहभाग मोजला जातो का. माझं वेळापत्रक पहाटे पाच ते साडेसहा आणि सुट्टीच्या दिवशी सलग चार तास, असं होतं. घरी जागा नव्हती, तेव्हा सुट्टीचे चार तास वाचनालयात बसून काढायचो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे आणि तिथे बसल्यावर मोबाइल काढायची लाज वाटते, हा त्याचा मोठाच फायदा.

गुणांची वाटणी साधारण ३० टक्के अंतर्गत आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षा अशी असते. अंतर्गत गुण असाइनमेंट आणि चाचण्यांतून येतात, आणि लोक ते हातचे घालवतात. मुदत रात्री बाराला संपणार म्हणून साडेअकराला बसतात आणि संकेतस्थळ अडकतं. दोन दिवस आधी पाठवा.

घरून परीक्षा असेल तर कॅमेरा सतत चालू असतो. माझ्या दुसऱ्या सत्राच्या पेपरला आजी चहा घेऊन आत आली, 'किती वेळ त्या डब्यात बघतोस' म्हणाली आणि पडद्यावर लाल सूचना उमटली. नंतर खुलासा पाठवावा लागला, मिटलं ते. तुम्ही मात्र दाराला कडी लावा, घरच्यांना वेळ सांगून ठेवा आणि फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. पावसाळ्यात परीक्षा असेल तर लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते ते आधी मोजा. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायचा पर्याय असेल तर मी तोच घेईन.

सहावी पायरी: प्रकल्प

चौथ्या सत्रातला प्रकल्प बरेच जण विकत घेतात. नाशिकच्या द्वारका परिसरात कुठे आणि कितीला मिळतो, हे मला माहीत आहे आणि इथे सांगणार नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न प्रकल्पावरच येतो, तिथे माणूस उघडा पडतो.

विषय छोटा घ्या. 'भारतीय वाहन उद्योगातील पुरवठा साखळीचा अभ्यास' हा प्रकल्पाचा नव्हे, आयुष्यभराचा विषय झाला. 'आमच्या कारखान्यात बेअरिंगचा साठा तीन महिन्यांत किती वेळा संपला आणि का' हा प्रकल्प होतो. माझा याच धर्तीचा होता, तीन वस्तूंच्या वर्षभराच्या नोंदी, बस्स. कंपनीचे आकडे वापरायला लेखी परवानगी घ्या, आणि ती तिसरं सत्र चालू असतानाच मागा. मनुष्यबळ विभागाकडून पत्र निघायला दोन महिने सहज जातात. परवानगी नाही मिळाली तर कांदाचाळ, किराणा दुकान, पतसंस्था, दूध संकलन केंद्र यांपैकी काहीही चालतं. मार्गदर्शकाला आराखडा पाठवताना प्रश्न एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर विषय अजून मोठा आहे.

आणि कागदपत्रं

प्रवेश अर्जात नाव भरताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर ज्या क्रमाने आणि ज्या स्पेलिंगने आहे तसंच भरा. आपल्याकडे आडनाव आधी की स्वतःचं नाव आधी, वडिलांचं नाव मध्ये की नाहीच, यावर आधार, पॅन आणि गुणपत्रिका तिन्हींचं तीन ठिकाणी तोंड असतं. डिजिलॉकरमधलं नाव जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात जमा होताना अडकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी जोडावं. आमच्या तुकडीतल्या एका ताईंची पदवी केवळ एका जास्तीच्या 'ए' अक्षरामुळे पाच महिने अडकली होती.